डोळे न मिटण्याचा नियम आणि आमची खानदेशची फेरी

आमच्या वाईत चार पावलं टाकली की एक देऊळ लागतं, आणि त्याच वाईत आमच्या ह्यांनी निरीश्वर मंडळ काढलं. मंडळाचे सभासद दोन. अध्यक्ष आमचे हे आणि चिटणीस वामनराव. मी सभासद नाही, कारण सभा आमच्याच ओटीवर भरते आणि सभेला चहा लागतो. देवावर माझाही विश्वास नाही, पण मी त्याचा पुकारा करत नाही. स्वयंपाक, मुलांची आजारपणं आणि सासूबाईंचं सोवळं यांतून देव आहे की नाही हे बघायला मला बरीच वर्षं सवडच झाली नाही. पुढे सवड झाली, तेव्हा त्याच्यावाचून आपलं काही अडलेलं नाही असं लक्षात आलं.

ह्यांचा प्रकार निराळा. हे पेशाने वकील, त्यामुळे देव नाही हे ह्यांना रोज नव्याने सिद्ध करावं लागतं. सकाळी दात घासताना जी उलटतपासणी सुरू होते, ती रात्री अंथरुणावर पडेपर्यंत. माझ्या सासूबाईंनी हयातभर जपमाळ ओढली, पण देवाचं नाव त्यांच्याहून ह्यांच्याच तोंडी जास्त.

वामनराव शाळामास्तर होते, आता पेन्शनीत निघाले. तेही देव मानत नाहीत, पण विचारल्याशिवाय सांगत नाहीत. त्यांच्या पत्नी द्वारकाताई मागच्या साली गेल्या. त्या फार देवभोळ्या होत्या आणि नवऱ्याची नास्तिकता त्यांनी पडशासारखी चालवून घेतली होती. वामनरावांनी त्यांचं श्राद्ध केलं नाही म्हणून भावांनी घरात त्यांचं पान वाढणं बंद केलं. तेव्हापासून ते दोन्ही वेळा आमच्याकडे जेवतात.

घोटाळा झाला तो कृष्णेच्या घाटावर. एके दिवशी पहाटे हे फिरायला गेले, तर पायरीवर वामनराव डोळे मिटून बसलेले. आता मंडळाचा पहिलाच नियम असा, की सभासदाने कोणत्याही दृश्य वा अदृश्य शक्तीपुढे डोळे मिटू नयेत. झोपेचं काय, असं मी विचारलं होतं, तेव्हा झोपेचा अपवाद घालण्यात आला. त्या दिवशी ओटीवर झालेली तपासणी मी आतून ऐकली.

"काय करत होतात?"

"काही नाही, अण्णा. बसलो होतो."

"डोळे मिटून?"

"उघडे ठेवले की येणारेजाणारे बोलायला लागतात."

"आणि कोणासमोर बसला होतात?"

"नदीसमोर."

"म्हणजे कृष्णामाईसमोर!"

"माई तुम्ही म्हणताय, मी नाही," वामनराव म्हणाले.

हे भडकले. नास्तिकाला अध्यात्म असूच शकत नाही, अध्यात्म म्हणजे मागच्या दाराने घरात घेतलेला देव, असं त्यांनी जाहीर केलं. वामनराव म्हणाले, तसं बसल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नाही, आणि त्याला काय म्हणायचं ते अण्णांनी ठरवावं. दोघेही हट्टी. खानदेशची फेरी तोंडावर आली होती, तिथून परत आल्यावर राजीनामा घ्यायचा की नाही याचा निकाल द्यायचा, असं ठरलं.

मंडळ मोडलं असतं तरी मला त्याचं सुतक नव्हतं. पण वामनराव मानी माणूस. ओटीवरून काढल्यावर ते माजघरात जेवायला येणार नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं. ते पानावर असले की हे माझ्याशी वाद घालत नाहीत हा माझा स्वार्थ आहेच. पण खरं सांगायचं तर, ते एकटे कुठे तरी पिठलंभात करून खातील हे मला मुळीच नको होतं.

नंदुरबार

खानदेशचं निमंत्रण माझ्या मावसभावाचं, भास्करचं. तो नंदुरबारला वकिली करतो आणि तिथल्या वाचनालयात काही ना काही घडवून आणतो. त्याने ह्यांना 'नास्तिकांचे प्रकार' या विषयावर बोलायला बोलावलं. माझं माहेर धुळ्याचं, त्यामुळे चिटणिसांबरोबर दुभाषी म्हणून मलाही न्यायचं ठरलं. ह्यांना अहिराणीचा गंध नाही. सासुरवाडीला गेले की मख्ख चेहऱ्याने लोडाला टेकून बसतात. त्यामुळे आमच्या माहेरच्या बायकांना ह्यांच्याबद्दल ह्यांच्यासमोरच बोलायची मोठी सोय होती.

नंदुरबारला उतरलं की आधी नाकाला कळतं. गावाबाहेर मोकळ्या जागी मिरच्या वाळत घातलेल्या असतात. नजर जाईल तिथवर लाल. आमच्याकडे मिरची म्हणजे गच्चीवर दोन सुपं. इथे बायका मिरचीत गुडघाभर उभ्या राहून ती फावड्यांनी उलथत होत्या आणि गप्पा मारत होत्या. वाचनालयाची खोली पुरणार नाही म्हणून भास्करने व्याख्यान शेजारच्या अंगणात ठेवलं होतं, आणि अंगणाच्या पलीकडेच मिरची होती.

सुरुवात झकास झाली. हे म्हणाले, एक नास्तिक देवाशी भांडणारा. दुसरा नवस पावला नाही म्हणून देवावर रुसलेला. तो नास्तिक नव्हेच, तो हिरमुसलेला भक्त. तिसरा पोटात दुखेपर्यंतचा नास्तिक. आणि सर्वांत घातक तो, जो देव बाहेर टाकतो आणि उदबत्तीचा वास मात्र घरात ठेवतो. हे म्हणताना ह्यांनी पहिल्या रांगेतल्या वामनरावांकडे बघितलं. वामनराव शांतपणे सुपारी कातरत होते.

तेवढ्यात वारा फिरला. ह्यांना पहिली शिंक आली, मग दुसरी, आणि मग डोळ्यांतून धारा लागल्या. गावातल्या लोकांना मिरचीच्या खकाण्याची सवय, त्यांना काहीच होत नव्हतं. त्यांना एवढंच दिसत होतं, की पाहुणे 'देव' म्हणतात आणि रडतात. हेही वकील, माघार कसली घेतात! डोळे गच्च मिटून, उपरण्याने नाक पुसत, "देव... देव..." करत ते पुढे बोलत राहिले, आणि 'नाही' दर वेळी शिंकेत वाहून गेलं. अंगणात चिडीचूप. शेवटी एक म्हातारी उठली आणि ह्यांच्या पायांवर डोकं ठेवून शेजारणीला म्हणाली, "देवनं नाव लिधं नि डोयाले पानी उनं, माय!"

ह्यांनी मला खुणेने विचारलं, काय म्हणते? मी सांगितलं, "भाषण आवडलं म्हणते."

सभा संपल्यावर मिरचीचा व्यापार करणारे एक गुजराती शेठ ह्यांना भेटायला आले. म्हणाले, "साहेब, आमच्या जैन लोकांत पण जगाचा कर्ता कोणी मानत नाहीत. जग कोणी केलं नाही ने कोणी मोडणार नाही."

ह्यांनी त्यांचा हात धरला. "म्हणजे तुम्ही आमचेच!"

"तुमचाच. आता रजा द्या, देरासरला जायचं आहे."

"देव नाही तर देवळात कशाला?"

"रोजचंच आहे, साहेब. मग घरी जाऊन दोन घटका सामायिक करणार. डोळे मिटून बसायचं."

ह्यांनी हात सोडला. वामनराव मात्र पुढे सरकले. "शेठजी, बसता ते कोणासमोर?"

"समोर कोण कशाला पाहिजे?" शेठ हसत म्हणाले. "दिवसभर दुसऱ्याचा माल पाहतो. दोन घटका आपला पाहायचा."

त्या संध्याकाळी भास्करकडे वामनरावांनी एक भाकरी जास्त खाल्ली. जेवताना ते ह्यांना म्हणाले, "अण्णा, आज तुमचेही डोळे मिटले होते हं."

"मिरचीपुढे मिटले. मिरची ही शक्ती नव्हे."

"दृश्य शक्ती तर आहेच," मी म्हटलं, आणि ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी वाढायला उठले.

धानोरा

दुसऱ्या दिवशी भास्करच्या ओळखीचे श्रीपत पाटील आम्हाला त्यांच्या गावी, धानोऱ्याला घेऊन गेले. दमणीला जोडलेले बैल तरणे होते आणि रस्ता नावापुरता. एका ओढ्यात दमणी कलंडली, आणि आमचे अध्यक्ष "अरे देवा!" म्हणत खाली उतरले. ती म्हणण्याची पद्धत आहे, त्यात श्रद्धा नाही, असं त्यांनी ओला सोगा पिळत आम्हाला समजावून सांगितलं.

पाटलांची आई, तिला सगळे मायच म्हणत, चुलीशी बसली होती. कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत आणि डोळे पांढरे करणारा ठेचा. आमच्याकडे पाहुण्याला नको नको म्हणू देतात आणि मग थांबतात. इथे नको म्हटलं की भाकरी आणखी मोठी येते. माय ह्यांच्याकडे बघून सुनेला म्हणाली, "हाऊ पाव्हना भलता वाळेल शे. त्याले आखो दूध दे वं." मी मराठीत सांगायला तोंड उघडते तोवर ह्यांनी वाटी पुढे केली होती. भुकेला भाषा लागत नाही असं मला वाटलं.

जेवण झाल्यावर ह्यांनी पाटलांना विचारलं, देव मानता का?

"देव शे ना," पाटील म्हणाले. "पन आम्ही त्यानी वाटे जातस नई, तो आमनी वाटे येत नई."

हा माणूस कुठल्या प्रकारात बसवायचा यावर अध्यक्ष आणि चिटणीस यांचं दुपारभर जमलं नाही. एक म्हणे आस्तिक, दुसरा म्हणे नाही. पाटील तिथेच घोरत पडले होते.

उठल्यावर त्यांनी सहज सांगितलं, की तापीपलीकडे सातपुड्यात गावंच्या गावं आहेत, पण "डोंगरमा देऊळ दखाले भेटत नई." मी हे भाषांतरून सांगितलं मात्र, हे ताडकन उठून बसले. देवळाविना गावं! पुस्तकं न वाचता झालेले जन्मजात नास्तिक! त्यांना भेटल्याशिवाय वाईला जायचं नाही, असं ठरून गेलं. पाटलांच्या शेतावर हंगामाला येणारा खात्र्या नावाचा, डोंगरातल्या पावरा जमातीचा गडी आपल्या गावी परत निघाला होता. त्याच्याबरोबर आम्ही जायचं ठरलं. माय मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुन्हा मालक येडा शे का वं?" मी म्हटलं, "नई वं माय, वकील शे."

डोंगरात

तापी नावेने ओलांडली, तळोद्याला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी पायथ्याला दमणी सोडली. फाल्गुनातले दिवस. पळस फुलला होता आणि मोहाच्या झाडांखाली पोरीबाळी टोपल्या घेऊन फुलं वेचत होत्या. त्या वासाने डोकं जड होतं, पण मला तो आवडला. खात्र्या पुढे, खांद्यावर काठी, तिला गाठोडं. तो चालत होता आणि आम्ही त्याच्यामागे घरंगळत होतो.

पहिल्याच पाड्याच्या शिवेवर ह्यांची निराशा झाली. तिथे लाकडाचा एक खांब रोवलेला, त्यावर वाघ कोरलेला, खाली शेंदूर. "हाऊ वाघदेव," खात्र्या म्हणाला. देऊळ नव्हतं, पण देव होता. "छप्पर नाही एवढंच," वामनराव हळूच म्हणाले. हे दगडावर टेकले. त्यांचा जोडा चावत होता.

मग चढ लागला. वर खिंडीत, वाटेच्या कडेला, पाल्याचा एक मोठा ढीग होता. खालच्या फांद्या वाळून काळ्या पडलेल्या, वरच्या हिरव्या. खात्र्याने जाता जाता झुडपाची एक डहाळी मोडली, ढिगावर टाकली आणि चिलीम भरायला बसला. हात जोडले नाहीत की मान वाकवली नाही. हे छत्रीच्या टोकाने ढीग तपासू लागले. मी खात्र्याशेजारी टेकले आणि विचारलं, "खात्र्यादादा, हाऊ कोन देव शे?"

"देव नई, बाई. कोनी तरी मरेल शे आठे. वाटसरू."

"कोन व्हता?"

"माले काय माहीत? मन्हा बापलेबी माहीत नव्हतं."

"मंग त्याले काय मांगतस?"

त्याला हसूच आलं. "मरेल मानूस काय दी? आमी जातस-येतस, तो एकलाच पडेल शे. पाला टाकाना नि जावाना."

वामनराव माझ्या मागे उभे होते. त्यांनी हळूच विचारलं, "काय म्हणाला, वहिनी?" मी त्यांना होतं तसं सांगितलं, की इथे कोणी अनोळखी वाटसरू मेलाय, तो एकटाच पडलाय म्हणून येणारेजाणारे पाला टाकतात, मागत काही नाहीत. मग पळसाची एक डहाळी मोडून त्यांनी वर ठेवली आणि डोळे मिटून उभे राहिले.

"वामनराव!"

अध्यक्षांनी बघितलं होतं. छत्री वामनरावांकडे रोखून हे म्हणाले, "आता नदीचीही सबब नाही. हा धडधडीत पुरावा झाला. राजीनामा!"

वामनरावांनी डोळे उघडले. "देईन, अण्णा. इथेच देतो, हवं तर."

दोघांचे चेहरे असे घट्ट झाले की मला रडू यायला लागलं. इतकी वर्षं एका ताटात जेवल्यासारखी काढलेली माणसं, आणि सातपुड्याच्या माथ्यावर एका डहाळीवरून तुटणार! घरी गेल्यावर मांडायचं एक पान मला कमी दिसायला लागलं. तेवढ्यात हे माझ्याकडे वळले. "तो गडी काय म्हणाला ते नीट सांग. हा कुठला देव?"

आणि मी, दुभाषी, ठोकून दिलं.

"देव नाही. तो म्हणतो, हा इथला नास्तिक होता. देव मानत नव्हता म्हणून गावाने त्याचं पाणी तोडलं. इथे येऊन एकटाच मेला बिचारा. देव होणं त्याला आवडलं नसतं म्हणून त्याला शेंदूर लावत नाहीत, नुसता पाला टाकतात."

वामनरावांनी माझ्याकडे बघितलं. मी पदर सारखा केला. खात्र्या चिलीम ओढत होता.

ह्यांनी वामनरावांवर रोखलेली छत्री खाली घेतली. मग ती माझ्या हातात दिली आणि सागाच्या एका फांदीला लोंबकळले. फांदी मोडेना. धोतर काटेरी झुडपात अडकून टरकन फाटलं. शेवटी फांदी ह्यांच्यासकट खाली आली. ती ओढत नेऊन ह्यांनी ढिगावर टाकली, टोपी काढली, आणि डोळे मिटून उभे राहिले. चांगले उभे राहिले. खात्र्याची चिलीम विझली तरी उभेच.

"अण्णा," वामनराव शेवटी म्हणाले, "डोळे?"

"ऊन लागतंय," हे म्हणाले. टोपी घालून ते खिंड उतरू लागले आणि चार पावलांवर थांबून, मागे न बघता म्हणाले, "राजीनाम्याचं राहू द्या. नियम दुरुस्त करू. मागणं काही नसेल, तर सभासदाने डोळे मिटायला हरकत नाही."

खात्र्याने मला विचारलं, "एवढा मोठा फांटा काबरं टाका त्यासनी? त्यासना कोनी व्हता का तो?"

"व्हता," मी म्हटलं. तेवढं मात्र मला खोटं वाटलं नाही.

परत वाईत

वामनराव पूर्वीसारखे दोन्ही वेळा जेवायला येतात. पहाटे घाटावर बसतात. हे आता त्यांच्याबरोबर जातात. नियमाचं पालन होतं की नाही हे बघायला, असं म्हणतात. दोघे शेजारी शेजारी गप्प बसलेले असतात हे मला दूधवाल्याकडून कळलं.

मी सुखात होते, पण एक काटा सलत होता. ह्यांनी सातपुड्यातल्या त्या नास्तिकावर लेख लिहायला घेतला. दरवर्षी फाल्गुनात त्याचा स्मरणदिन पाळायचा, असा ठराव मंडळाने मंजूर केला आणि पुरणपोळ्या माझ्यावर टाकल्या. माझ्या एका थापेतून नास्तिकांनाही एक पुण्यतिथी मिळाली! लेख छापून आला आणि भास्करने वाचला तर काय, म्हणून एका दुपारी पान लावता लावता मी म्हटलं, "अहो, छापायच्या आधी जरा चौकशी करा. त्या गड्याला तरी नक्की काय माहीत असणार?"

ह्यांनी विडा घेतला, गालात सरकवला आणि थेट खात्र्याच्या सुरात म्हणाले, "कोनी तरी मरेल शे आठे. माले काय माहीत?"

माझ्या हातातला अडकित्ता पानाच्या डब्यात पडला.

"तुम्हाला अहिराणी येते?"

"सासुरवाडीला इतकी वर्षं जातोय, न यायला झालं काय?"

"मग ती फांदी?"

"वामनरावांना काढल्यावर मी सकाळ-संध्याकाळ वाद घालणार कोणाशी? राजीनामा मागून बसलो होतो, मागे घ्यायला काही तरी कारण हवं होतं. तू दिलंस, मी घेतलं. लेखाचं म्हणशील, तर तो कधीच फाडलाय. तू कधी बोलतेस याची वाट बघत होतो." मग खिडकीकडे बघत म्हणाले, "आणि डोळे मिटले तेव्हा द्वारकावहिनी आठवल्या. बाई जन्मभर माझ्यासाठीसुद्धा देवाजवळ काही ना काही मागत राहिली. मी तिच्यासाठी एक फांदी टाकली तर काय बिघडलं?"

मला गहिवरून आलं. पण त्याच वेळी दुसरंच काही तरी माझ्या डोक्यात शिरलं आणि गहिवर जागीच थांबला.

"मग माझ्या माहेरी तुम्ही इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"कशाला बोलू?" हे म्हणाले. "तुझ्या आईचं माझ्याबद्दलचं मत मला दर दिवाळीला समोरासमोर ताजं ऐकायला मिळायचं. मावशीचंही. तुझंही."

हे विडा चघळत कोर्टात गेले. आई, मावशी, दोन्ही वहिन्या आणि मी स्वतः, लोडाला टेकलेल्या त्या मख्ख चेहऱ्यासमोर आजवर काय काय बोललो, ते सगळं मला एकेक आठवायला लागलं. मी बराच वेळ तशीच ओटीवर बसून होते, डोळे गच्च मिटून.